बाजूला ठेवलेली पुस्तकं

पुस्तकाच्या दुकानातला माणूस आपल्याला ओळखायला लागला आहे, हे आपल्या बरंच उशिरा लक्षात येतं. किराणावाला लवकर ओळखतो, औषधवालाही ओळखतो, कारण तिथे आपली गरज ठरलेली असते. पुस्तकाच्या दुकानात आपण अर्धा-पाऊण तास रेंगाळतो, चार पुस्तकं हाताळतो, एखादं घेतो किंवा काहीच न घेता निघतो. तेवढ्या वेळात काउंटरमागच्या माणसाने मान वर केलेलीही दिसत नाही. पण त्याचं लक्ष असतं. आपण कोणत्या कपाटापाशी थांबलो, आधी मलपृष्ठ वाचलं की अनुक्रमणिका, पुस्तक परत ठेवलं ते किंमत बघून की मजकूर बघून, हे सगळं त्याच्याकडे जमा होत राहतं. मग कधीतरी तो पहिल्यांदा बोलतो आणि ते बोलणं इतकं नेमकं असतं की आपण चमकून त्याच्याकडे बघतो.

पुण्यात आप्पा बळवंत चौक म्हटलं की जून महिना आठवतो. हातात शाळेने दिलेली यादी, काउंटरवर वह्यांचे डझन, गाईडं, प्रश्नसंच, तपकिरी कव्हरांची भेंडोळी आणि एकमेकांना खेटून उभे असलेले पालक. या गर्दीतून बाजूच्या गल्लीत वळलं की एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर मी म्हणतेय ते दुकान आहे. तिथे तिघं असतात. मालक सत्तरीच्या पुढचे. त्यांना सगळे काका म्हणतात. दुसरे मामा. ते पोरवयात भोरकडून पुण्यात आले, गठ्ठे बांधायच्या कामावर लागले आणि तिथेच राहिले. आणि काकांची पुतणी, जिला तिच्यापेक्षा मोठी माणसंही ताई म्हणतात. ती अलीकडे नोकरी सोडून दुकानात येऊन बसली आहे. दुकानाला पाटी आहे, पण आमच्यातलं कोणी दुकानाचं नाव घेत नाही. ‘काकांकडे जाऊन येते’ एवढंच म्हणतो.

काका माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते महर्षी कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’ची पावती करताना. त्याआधी बराच काळ मी तिथून आत्मचरित्रं नेत होते. पावतीवर आकडा टाकता टाकता ते म्हणाले, “नवऱ्यांची वाचून झाली असतील, तर आता बायकांची वाचा.” आणि मामांना त्यांनी वरच्या खणातून ‘माझे पुराण’ काढायला सांगितलं. आनंदीबाई कर्व्यांचं. मला ते पुस्तक असल्याचं माहीत होतं, पण कधी हाताशी आलं नव्हतं. अण्णासाहेब कर्वे संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडत होते तेव्हा घरात काय शिजत होतं आणि ते कशावर शिजत होतं, हे त्या पुस्तकात आहे. ते वाचून झाल्यावर काकांनी मला रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या आठवणींकडे वळवलं, तिथून लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे आणि शेवटी सुनीताबाई देशपांड्यांच्या ‘आहे मनोहर तरी’कडे. ही पुस्तकं मी सुटी सुटी ऐकून होते, त्यातली एकदोन वाचलीही होती. पण ऐंशी वर्षांतल्या या बायका एकमेकींच्या शेजारी बसवल्या की प्रत्येकीच्या बोलण्याला वेगळा अर्थ येतो, हे मला कोणत्याही वर्गात कळलं नव्हतं. काकांनी ही पुस्तकांची ओळ कुठल्या अभ्यासक्रमातून घेतली नव्हती. काउंटरवर वर्षानुवर्षं कोण काय नेतं आणि पुढच्या वेळी येऊन काय मागतं, हे बघून त्यांनी ती ओळ लावली होती.

‘माझे पुराण’च्या त्या प्रतीच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने एक महिना आणि साल लिहिलेलं होतं. ते पुस्तक दुकानात कधी आलं त्याची ती नोंद. ते साल इतकं मागचं होतं की मी किंमत बघितली. जुनीच होती, आणि काकांनी तीच लावली. एवढ्या वर्षांत त्या पुस्तकाची किंमत वाढली असणार हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, “मी घेतलं त्या भावाने घेतलं. छापलंय ते द्या.” या व्यवहारात ते काय म्हणत होते ते समजायला मला पुढे बराच काळ लागला.

मामांची ओळख वेगळ्या वाटेने झाली. मामा पुस्तकाबद्दल बोलत नाहीत, पुस्तक हाताळतात. दाटीने लावलेल्या रांगेतून आपण पुस्तक काढतो ते कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून, ओढून. मामा आधी दोन्ही बाजूंची पुस्तकं बोटभर मागे सारतात, मधलं पुस्तक आपसूक पुढे येतं, मग ते पोटाशी धरून उचलतात. हे त्यांनी मला एकदाच करून दाखवलं. बोलले काहीच नाहीत. बिल होण्याआधी प्रत्येक प्रत त्यांच्या हातून जाते. अंगठ्याखालून पानं सोडत ते मधेमधे थांबतात: १७, ३३, ४९, ६५. पुस्तक सोळा पानी फर्म्यांचं बनतं. बांधणीत एखादा फर्मा गळतो, एखादा दोनदा लागतो, एखादा उलटा शिवला जातो. प्रत्येक फर्म्याचं पहिलं पान जागेवर असलं की पुस्तक पुरं. वाक्याच्या मध्येच गोष्ट तुटून पुढच्या पानावर भलतंच प्रकरण निघालं, असं मराठी वाचकाने कधी ना कधी अनुभवलेलं असतं. मामांच्या हातून गेलेल्या पुस्तकात मला ते कधीही सापडलेलं नाही. सातवीपर्यंत शिकलेला हा माणूस मराठीतल्या अर्ध्याअधिक कादंबऱ्यांच्या जाडीवरून, डोळे मिटून, कुठली ते सांगतो. त्यांनी त्यातल्या किती वाचल्या हे मी विचारलेलं नाही. तो प्रश्न मला आगाऊपणाचा वाटतो.

काकांचा एक गुण मला सगळ्यांत मोठा वाटतो: ते नको म्हणतात. एक बाई मुलाच्या वाढदिवसाला द्यायला म्हणून जाडजूड ऐतिहासिक कादंबरी घेऊन काउंटरवर आल्या होत्या. काकांनी विचारलं, “कितवीत आहे?” पाचवीत. “मग आत्ता नको. आत्ता वाचली नाही तर ती त्याच्या डोक्यात कंटाळवाणी म्हणून बसेल. नववीत आला की न्या.” आणि त्यांना भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ काढून दिला, कितीतरी कमी किमतीचा. मीही एकदा एका गाजत असलेल्या कादंबरीला हात घातला तेव्हा म्हणाले, “हिची घाई नको करू. सहा महिन्यांनी लोक काय म्हणतात बघू.” अहो-जाहोवरून अरे-तुरेवर ते कधी आले ते मलाही कळलं नव्हतं. त्या वाक्यात कळलं.

असं नको म्हणणं परवडतं कसं? हा प्रश्न विचारायला पाहिजे, कारण या धंद्यात पैसा फार नाही. मराठी पुस्तकावर विक्रेत्याला साधारण छापील किमतीच्या पंचवीस ते चाळीस टक्के कमिशन सुटतं. तीनशे रुपयांचं पुस्तक तीस टक्क्यांनी आलं तर त्यात नव्वद रुपये. गिऱ्हाइक दहा टक्के सवलत धरूनच चाललेलं असतं. तीस रुपये तिथे गेले. उरलेल्या साठात जागेचं भाडं, वीज, मामांचा पगार, ट्रान्सपोर्टचा खर्च, पावसाळ्यात ओल धरलेल्या प्रती. आणि हे साठ रुपये पुस्तक खपलं तर. खपलं नाही तर दोनशे दहा रुपये त्या खणात अडकून पडतात, आज, उद्या, पुढची पाच वर्षं. गंभीर मराठी पुस्तकाची हजाराची आवृत्ती संपायला कित्येक वर्षं लागतात. आता पुष्कळ प्रकाशक पाचशेची, तीनशेचीच काढतात. ती आवृत्ती प्रकाशकाच्या गोदामात संपत आली की पुढे ती फक्त अशा दुकानांच्या खणांतून जिवंत असते. आपल्याला हवं असलेलं जुनं पुस्तक ‘मिळालं’ म्हणून आपण आनंदाने घरी येतो. ते मिळावं म्हणून कोणीतरी आपले पैसे अडकवून इतकी वर्षं थांबलेला असतो, आणि आपण येणार आहोत हे त्याला माहीत नसतं. त्या पेन्सिलीच्या तारखेचा हा अर्थ होता. वाट बघण्याचे पैसे काकांनी माझ्याकडून घेतले नाहीत. ते त्यांनी आपल्या खात्यावर घेतले.

मला वाटतं, काउंटरवरच्या या ज्ञानाची आपण मराठी साहित्याच्या इतिहासात पुरेशी नोंद घेतलेली नाही. केशवराव कोठावळ्यांची सुरुवात गिरगावात फुटपाथवर जुनी पुस्तकं, मासिकं विकण्यापासून झाली. तिथून मॅजेस्टिक बुक स्टॉल, मग मॅजेस्टिक प्रकाशन, आणि १९६४च्या जानेवारीत ‘ललित’ मासिक. पुस्तकांविषयीच्या बातम्या, गप्पा, जयवंत दळवींचं ‘ठणठणपाळ’ हे सदर, येऊ घातलेल्या पुस्तकांची खबर, असं सगळं असलेलं मासिक काढावं हे कोणा प्राध्यापकाला सुचलं नाही, पुस्तकवाल्याला सुचलं. लोक दुकानात येऊन पुस्तकाआधी पुस्तकाबद्दलच्या गप्पा मागतात, हे त्याने रोज पाहिलेलं होतं. गणेश भटकळांनी १९२४ साली मुंबईत पॉप्युलर बुक डेपो काढला. त्यांचे चिरंजीव रामदास भटकळ यांनी पुढे पॉप्युलर प्रकाशनातून मराठीतलं नवं साहित्य छापलं. दोन्ही घरांत आधी विक्री आली, मग छपाई. आधी वाचक समोर उभा राहिला.

इंग्रजी पुस्तकांच्या बाजूला मुंबईत टी. एन. शानभाग होते. १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात मिळालेल्या चिमुकल्या जागेत त्यांनी पुस्तकं मांडली, पुढे फोर्टात दुकान झालं. पुस्तकविक्रेत्याला पद्मश्री मिळते हे त्यांच्यामुळे आपण पाहिलं. २००९ साली ते गेले आणि २०१८च्या फेब्रुवारीत स्ट्रँड बुक स्टॉल बंद झालं. तेव्हा लोकांनी जे लिहिलं त्यातलं मी पुष्कळ वाचलं. पहिलं पुस्तक कोणी हातात दिलं, पैसे कमी पडले तेव्हा ‘नंतर द्या’ असं कोण म्हणालं, परीक्षेत नापास झाल्यावर काउंटरवर कोणाशी बोलणं झालं, हेच त्यात जास्त होतं. पुण्यात कॅम्पातलं मॅनीज २०१२ साली बंद झालं तेव्हाही हेच. दुकान मिटलं की माल घाऊक भावाने विकता येतो, कपाटं विकता येतात. कोण गिऱ्हाइक कोणत्या पुस्तकावरून कोणत्या पुस्तकाकडे गेलं याचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो.

काकांचं खरं कसब बघायचं तर मार्चमध्ये जावं. महाराष्ट्रात १९६७ सालच्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं; अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग. वर्षअखेर आली की गावोगावचे ग्रंथपाल पुस्तकखरेदीला निघतात. एसटीने आलेले, खांद्याला रिकामी पिशवी, हातात समितीने मंजूर केलेला आकडा. काही दुकानांत अशा गिऱ्हाइकासमोर जास्तीत जास्त कमिशनची पुस्तकं ढिगाने ओतली जातात आणि तासाभरात बिल होतं. काका खुर्ची पुढे सरकवून विचारतात, “बसा. तुमच्याकडे वाचायला कोण येतं?” ग्रंथपाल सांगायला लागतात. दुपारी बायका येतात, त्यांना कादंबऱ्या. सकाळी पेपर वाचायला म्हातारे. मुलं स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन दिवसभर बसतात. एक मास्तर आहेत निवृत्त, त्यांना संतसाहित्य लागतं, त्यांचं सगळं वाचून झालंय. काका त्या एकट्या मास्तरांसाठीही एक पुस्तक काढायला सांगतात. मामा कच्च्या बांधणीच्या प्रती बाजूला करतात, कारण ग्रंथालयातलं पुस्तक पन्नास हातांतून जातं. संध्याकाळपर्यंत सुतळीने बांधलेले गठ्ठे दाराशी लागतात, बिलाच्या तीन प्रती निघतात, आणि ग्रंथपालांच्या आधी मामा आठवण करतात की दाखल नोंदवहीत चढवताना दोन पुस्तकं जोडखंड आहेत, एकाच आकड्याखाली घालू नका. मी एकदा कोपऱ्यात उभी राहून ही सगळी दुपार पाहिली. माझ्या माहितीतल्या कुठल्याही साहित्यविषयक चर्चासत्रात त्या दुपारइतकं वाचकांबद्दल बोललं गेलेलं नाही.

काउंटरच्या मागे, काकांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला, एक कप्पा आहे. बाजूला ठेवलेल्या पुस्तकांचा. कोणी पैसे आणायला विसरलेलं असतं, कोणी पगार झाल्यावर नेणार असतं, कोणाचं मागवलेलं आलेलं असतं. प्रत्येक पुस्तकाला रबर आणि रबरात चिठ्ठी. चिठ्ठीवर पुष्कळदा नाव नसतंच. ‘सोलापूरच्या मॅडम’. ‘उंच सर, गुरुवार’. ‘कवितावाला मुलगा’. ‘दोन भाग एकदम हवेत’. माझ्या चिठ्ठीवर कितीतरी दिवस ‘आत्मचरित्र’ एवढंच लिहिलेलं असे. कप्प्याच्या तळाशी काही चिठ्ठ्या पिवळ्या पडल्यात. अशी तीनचार पुस्तकं बघून मी काकांना म्हटलं, ही आता विक्रीला लावा. ते म्हणाले, “ठेवतो म्हणून सांगितलंय त्यांना.” त्यातले एक गृहस्थ वारल्याचं त्यांना ठाऊक होतं. वर्षभराने त्यांची मुलगी सहज दुकानात आली तेव्हा काकांनी ते पुस्तक तिच्या हातात दिलं आणि पैसे घेतले नाहीत. मला हे मामांनी सांगितलं. काका स्वतः असलं काही सांगत नाहीत.

दिवाळीत हा कप्पा अपुरा पडतो. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला दिवाळी अंक घ्यायची जी सवय आहे ती काकांच्या दुकानात अजून शाबूत आहे. लोक तेच ते अंक वर्षानुवर्षं नेतात, आणि कोणाचा कोणता अंक हे मामांना पाठ आहे.

आता काका दिवसभर बसत नाहीत. दुपारी चार ते सात येतात, गुडघे दुखतात. घरपोच पुस्तक पंचवीस टक्के सवलतीने मिळतं हे त्यांच्या गिऱ्हाइकांनाही माहीत आहे, मलाही आहे. काही जण इथे पुस्तक चाळून जातात आणि फोनवरून मागवतात. त्याबद्दल काकांच्या तोंडून मी तक्रार ऐकलेली नाही. मला मात्र राग येतो आणि तो मी लपवत नाही. चाळायला मिळणारी प्रत फुकट उभी राहिलेली नसते.

ताईने दुकान हातात घेतल्यावर दोन गोष्टी केल्या. एक, मुलांची पुस्तकं खालच्या खणात आणली, मुलांच्या हाताला येतील अशी. दुसरी जास्त महत्त्वाची. दुकानातल्या सगळ्या पुस्तकांची यादी तिने संगणकावर करायला घेतली. पुस्तक, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, किंमत, कपाट, खण. हे कोणीही करेल. पण तिने शेवटी एक रकाना वाढवला: ‘कोणासाठी’. चार वाजता काका आले की ती एकेक पुस्तक हातात घेऊन विचारते आणि ते सांगतात. नर्मदा परिक्रमा करून आलेल्यांना. नवीन लग्न झालेल्या मुलीला देऊ नये, दहा वर्षांनी द्यावं. वडील गेल्यावर लगेच नको. गणित आवडणाऱ्याला, जरी कादंबरी असली तरी. ज्याला वाटतं आपल्याला कविता कळत नाही, त्याला. कधी कधी थेट माणूसच सांगतात: ‘ते सांगलीचे डॉक्टर, फोन कर.’ आणि ताई खरंच फोन करते. बहुतेक वेळा डॉक्टर येतात.

काही पुस्तकांपुढे तो रकाना कोरा आहे. ताईने अशा पुस्तकांची वेगळी यादी काढली आणि ती परत पाठवू म्हणाली. काकांनी यादी घरी नेली, दोन दिवसांनी आणली. निम्म्या पुस्तकांपुढे काहीतरी लिहिलेलं होतं, उरलेली त्यांनी खरोखर परत पाठवायला सांगितली. “सगळंच ठेवायचं नसतं,” असं म्हणाले. ताईला हे नवीन होतं. मलाही.

शनिवारी दुपारी मी मदतीला जाते. ताई टंकते, मी वाचून दाखवते, मामा शिडीवर. सध्या आम्ही नाटकांच्या कपाटाशी आहोत. तिथे वेळ फार लागतो, कारण नाटकाची पुस्तकं पातळ, कण्यावर नाव मावत नाही, प्रत्येक बाहेर काढून बघावं लागतं. पावसाळा सुरू झाला की पुरुषोत्तम करंडकाच्या तयारीतली कॉलेजची मुलं जुन्या एकांकिका शोधत येतात, त्याआधी हे कपाट उरकायचं असं ताईचं म्हणणं आहे. परवा मामांनी वरून एक संहिता खाली दिली, काकांनी ती उघडून पात्रपरिचय पाहिला आणि म्हणाले, तीन बायका, एक पुरुष, नेपथ्य कमी. मुलींचं कॉलेज लिही. ताईने लिहिलं. अजून दोन खण बाकी आहेत.